बोर्ड उतरल्यावरची भिंत : साताऱ्यातल्या एका दुकानाच्या दर्शनी भागाची दुरुस्ती

साताऱ्यात पोवई नाक्याच्या परिसरातली ही तळमजला अधिक दोन मजल्यांची व्यापारी इमारत. बांधकाम नव्वदच्या दशकातलं: आरसीसी सांगाडा, नऊ इंची विटांच्या भिंती, बाहेरून सिमेंट-वाळूचा दोन थरांचा गिलावा आणि त्यावर रंग. दर्शनी बाजू ३२ फूट, तोंड पश्चिमेला. तळमजल्यावरचं कापडाचं दुकान फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात जागा सोडून गेलं आणि तिथे एक पतसंस्था येणार होती. उद्घाटन पाडव्याला, म्हणजे ३० मार्चला.

मालकांच्या डोक्यात काम सरळ होतं. जुना बोर्ड उतरवायचा, भोकं बुजवायची, रंगाचा हात मारायचा, नवा बोर्ड चढवायचा. गवंड्यानेही दीड दिवसाचा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात सात आठवडे लागले. त्यात गवंड्याच्या हाताखालचे दिवस थोडेच होते, बाकीचा वेळ भिंत वाळण्यात आणि गिलावा पिकण्यात गेला. हा वेळ दिला म्हणून काम टिकलं, आणि तो कुठे कसा लागला हेच या प्रकरणात पाहण्यासारखं आहे.

बोर्डामागे काय निघालं

जुना बोर्ड २८ फूट लांब आणि ४ फूट उंच. शटरच्या वर आणि पहिल्या मजल्याच्या खिडक्यांखाली जो साडेपाच फुटी पट्टा उरतो, तिथे बसवलेला. या पट्ट्याची रचना आधी समजून घ्यावी लागते. खालचा दीड फूट म्हणजे पहिल्या स्लॅबची बीम, काँक्रीटची. तिच्यावरचे चार फूट म्हणजे खिडकीखालची विटांची भिंत. गिलावा दोन्हींवरून एकसलग फिरवलेला असल्याने बाहेरून काहीच कळत नाही. बोर्डवाल्याने मात्र खालच्या ओळीचे सहा अँकर (बोर्ड धरून ठेवणारे बोल्ट) काँक्रीटमध्ये ठोकले होते आणि वरच्या ओळीचे सहा विटेत, तेही एकाच मापाचे, तीन सुती (सुमारे १० मिमी). काँक्रीटमध्ये फुलून घट्ट बसणारा अँकर विटेत तसा बसत नाही. वीट चुरते आणि वाऱ्याने बोर्ड हलत राहिला की भोक मोठं होत जातं. वरच्या सहांपैकी चार अँकर हाताने फिरत होते.

एसीपीचा (अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे लावलेल्या पॅनेलचा) बोर्ड उतरला तर मागे सव्वा इंची अँगलची जुनी फ्रेम निघाली, आधीच्या फ्लेक्स बोर्डाची. तिच्याही मागे त्याहून जुन्या पत्र्याच्या पाटीच्या लाकडी खुंट्या भिंतीत तशाच. हे असं साचत का जातं, त्याला कारण आहे. लहान दुकानांसह सगळ्यांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत असाव्यात आणि मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, ही तरतूद २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात आली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली, ती २५ नोव्हेंबरला संपत होती. त्या घाईत या दुकानाचा नवा बोर्ड जुन्या फ्रेमवरच वेल्डिंग करून चढवला गेला. मागच्या भिंतीकडे कुणी पाहिलंच नाही. बोर्ड आणि भिंत यांच्यात चार इंचांची फट झाली, वरून उघडी, आणि तिच्यात कबुतरं राहायला आली.

कबुतरांची घाण कोरडी झाडू नये. तिची धूळ फुप्फुसांत गेली तर गंभीर आजार होऊ शकतो. आधी पाण्याची हलकी फवारणी, तोंडाला चांगल्या प्रतीचा मास्क, मग खुरपून गोणीत. ही घाण ओल धरून ठेवते, त्यामुळे तिच्या थराखालचा गिलावा सर्वात आधी मऊ पडतो. इथे तीन घमेली निघाली आणि त्याखालचा रंग नखाने सुटत होता.

दुसरी गोष्ट जीवावर बेतणारी. दुकानाचं मेन स्विच बंद होतं, मीटरकडून येणारा पुरवठा तोडलेला होता, तरी बोर्डामागे चिकटपट्टी गुंडाळलेल्या दोन तारांपैकी एकीवर टेस्टर पेटला. बोर्डाचे दिवे टायमरवरून इन्व्हर्टरला जोडलेले होते आणि इन्व्हर्टर आत चालूच होता. बोर्ड उतरवायच्या आधी मेन, इन्व्हर्टर आणि असल्यास शेजारच्या गाळ्यातून घेतलेली जोडणी, असे तिन्ही पुरवठे बंद करायचे आणि तरीही प्रत्येक तार तपासूनच हात लावायचा. लोखंडी परांचीवर ओल्या भिंतीपाशी उभ्या माणसाला तारेचा एक स्पर्श पुरेसा असतो.

ठोकून पाहणं आणि पाणी सोडून पाहणं

बोर्ड निघाल्यावर लगेच भोकं बुजवायला घ्यायची नाहीत. आधी सगळा पट्टा हातोडीच्या दांड्याने वीत-वीत अंतरावर ठोकून पाहायचा आणि आवाज बदलला की खडूने रेघ मारायची. "मालक, हितनं खिडकीपातूर भिंत बोलतीय बघा," असं गवंडी म्हणाला तेव्हा मालकांचा विश्वास बसेना. खडूच्या रेघा जोडल्यावर साधारण ३४ चौरस फूट गिलावा पोकळ निघाला. त्यातला बहुतेक भाग बीम आणि वीट जिथे मिळतात त्या आडव्या रेषेला धरून होता. बोर्डाखाली लपलेली बारीक भेग त्याच रेषेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.

काँक्रीट आणि वीट ऊन-पावसात सारख्या प्रमाणात फुगत-आकसत नाहीत. सांध्यावर जाळी न घालता गिलावा केला की भेग पडायचीच. उघड्या भिंतीवर ती दिसते आणि कुणीतरी भरतो. बोर्डामागे ती वर्षानुवर्षं पाणी पीत राहते.

दुकानाच्या पीओपी छतावर दर पावसाळ्यात पिवळा डाग पडायचा आणि पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसची स्कर्टिंगपाशी भिंत फुगायची. त्यासाठी गच्चीवर दोनदा वॉटरप्रूफिंग झालं होतं. दोष गच्चीचा नव्हताच. यवतेश्वराच्या बाजूने येणारा साताऱ्याचा पाऊस वाऱ्यासोबत तिरपा येतो आणि पश्चिमेच्या भिंतीला थेट झोडपतो. अशा भिंतीत पाणी कुठून शिरतं ते अंदाजाने ठरवू नये, पाणी सोडून पाहावं. पद्धत एकच: खालून वर जायचं. वरून सुरू केलं तर ओघळ सगळीकडून जातो आणि काहीच सिद्ध होत नाही.

आधी नुसत्या बीमच्या तोंडावर पाइपने वीस मिनिटं पाणी सोडलं, आत काही नाही. मग आडव्या भेगेवर. बाराव्या मिनिटाला पीओपीच्या त्याच पिवळ्या डागातून थेंब आला. भिंत दोन दिवस वाळू दिली, भेगेवर ब्यूटाइल टेप चिकटवली आणि वरच्या अँकरच्या भोकांवर पाणी सोडलं. पहिल्या मजल्यावर आतून हलकी ओल आली, थेंब नाही. शेवटी खिडकीच्या कडाप्पा फरशीवर पाणी ओतलं. फरशी भिंतीबाहेर जेमतेम एक इंच आलेली आणि खालून सपाट. पाणी तिच्या कडेवरून खाली न गळता फरशीच्या पोटाला चिकटून मागे वळत होतं आणि भिंतीवरून थेट भेगेकडे उतरत होतं. म्हणजे फरशी पाणी पुरवत होती, भेग आत घेत होती, आणि बोर्डाने आणि कबुतरांच्या घाणीने भिंतीला वाळायची संधी दिली नव्हती. अँकरच्या भोकांचा वाटा सगळ्यात कमी.

या चाचणीने खर्चाचा वादही मिटवला. मालकांना सगळा खर्च जुन्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून वळता करायचा होता. भाडेकरू म्हणत होते की भिंत आधीपासूनच खराब. पाहणीचे फोटो आणि खडूच्या रेघा समोर ठेवून वाटणी झाली: अँकर काढणं, भोकं भरणं, बीमचं अँकरपाशी फुटलेलं काँक्रीट, तारा आणि कबुतरांची सफाई जुन्या भाडेकरूकडे. फरशी, आडवी भेग आणि तिच्यालगतचा गिलावा मालकांकडे. नवे अँकर आणि त्यांचं सीलिंग पतसंस्थेकडे. भाडेकरारात नुसतं 'जागा पूर्ववत करून द्यावी' असं लिहिलेलं असतं, त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. बोर्ड चढवायच्या आधीचे भिंतीचे फोटो करारालाच जोडून ठेवावेत.

अँकर काढताना

अँकर ग्राइंडरने भिंतीच्या पातळीला कापून वर पुट्टी लावायची, ही सगळीकडची रीत. ती चुकीची आहे. भिंतीत राहिलेला लोखंडाचा तुकडा ओल लागताच गंजतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वर्ष-दोन वर्षांत पुट्टी उडवून तपकिरी ओघळ बाहेर येतो. विटेतले सहाही अँकर नट सैल करून, आत एक टोला देऊन, मग पकडीने फिरवत ओढून काढले. काँक्रीटमधल्या सहांपैकी चार असेच निघाले. एक निघेना, पण कोरडा आणि गंजरहित होता. त्याच्याभोवती छिन्नीने वाटी कोरून तो पृष्ठभागाच्या आत १५ मिमी कापला, टोकाला झिंक प्रायमर लावला आणि वर इपॉक्सी भरलं.

डावीकडून तिसरा अँकर वेगळा होता. त्याच्याभोवती गिलाव्याला चांदणीसारख्या भेगा आणि खाली बोटभर रुंद गंजाचा ओघळ. गिलावा काढला तर काँक्रीटची खपली हातात आली. ड्रिल मारताना भोक बीमच्या रिंगेला (मुख्य सळयांना वेढणाऱ्या सळईला) घासून गेलं होतं. रिंगेवर काँक्रीटचं आवरण २० मिमीच, त्यात भोकातून पाणी. उघड्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीनचं द्रावण शिंपडलं. जिथे गुलाबी रंग आला तिथलं काँक्रीट अजून अल्कधर्मी, म्हणजे सळईचं रक्षण करणारं. रिंगेभोवती रंग आलाच नाही. ही चाचणी अगदी स्वस्त आहे आणि किती खोदायचं ते तीच सांगते. गुलाबी रंग लागेपर्यंत खोदत गेल्यावर खड्डा १० इंच लांब, ६ इंच उंच झाला. रिंगेच्या मागेही २० मिमी जागा मोकळी केली, म्हणजे मसाला तिला चहूबाजूंनी पकडेल. सळई तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासली आणि त्याच दिवशी झिंक प्रायमर लावला. घासलेली सळई रात्रभर उघडी ठेवली तर दवाने पुन्हा गंजते.

मग जुनं काँक्रीट आणि नवा मसाला जोडणारी लॅटेक्सची (चिकट द्रवाची) स्लरी: १ किलो एसबीआर लॅटेक्सला दीड ते दोन किलो सिमेंट, ब्रशने लावता येईल इतपत पातळ. ती चिकट असतानाच मसाला भरायचा. स्लरी वाळली तर ती जोडण्याऐवजी दोन थर वेगळे करते. मसाल्याचं वजनी प्रमाण सिमेंट ५, चाळलेली बारीक वाळू १५, लॅटेक्स १, आणि पाणी अगदी बेताचं. एका वेळी १५ मिमीपेक्षा जाड थर दिला नाही. उभ्या भिंतीवर जाड थर स्वतःच्या वजनाने खाली सरकतो आणि वरच्या कडेला केसासारखी फट राहते. पाऊस नेमका तिथूनच आत जातो.

ग्राइंडर चालवताना पहिल्या मजल्याच्या काचा आणि खांबावरच्या टाइल्स ओल्या गोणपाटाने झाकल्या होत्या. ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण. काचेला लागले तर कायमचे टिपके पडतात आणि रंगावर बसले तर पहिल्या पावसात तपकिरी ठिपके उमटतात. गंजाचे जुने ओघळ काढायला कुणीतरी टाइल धुवायचं अ‍ॅसिड सुचवलं. ते काँक्रीटजवळ अजिबात वापरू नये. त्यातला क्लोराइड आत मुरतो आणि सळईच्या गंजाला खतपाणी मिळतं. ज्या गिलाव्यावर ओघळ होते तो तसाही काढायचाच होता. टाइलवरचे डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या सौम्य द्रावणाने, हातमोजे घालून पुसले आणि भरपूर पाण्याने धुतले.

भोकं भरण्याचं काम दिसतं सोपं, पण बिघडतं तेच. ७५ मिमी खोल भोकाच्या तोंडाशी मसाला थापला तर आत पोकळी राहते आणि तोंडावरचं झाकण उन्हाने सुटतं. पंपाने धूळ फुंकायची, बाटली-ब्रशने घासायचं, पुन्हा फुंकायचं. वीट ओली करायची, पण पाणी साचलेलं नको. मग न आकसणारं ग्राउट (पातळ सिमेंटचा मसाला) सीलंटच्या रिकाम्या नळीत भरून, नळीचं टोक भोकाच्या तळाशी टेकवून मागे येत भरायचं. बाहेरचे शेवटचे ५ मिमी दुसऱ्या दिवशी गिलाव्याच्या मसाल्याने. लाकडी खुंट्या पूर्ण उपटून काढल्या. लाकूड आत ठेवून वरून भरलं तर ते फुगतं आणि भरलेलं बाहेर ढकलतं. पांढरी वॉल पुट्टी या कामात कुठेही नव्हती. तिरप्या पावसाच्या बाहेरच्या भिंतीवर तिचे ठिगळ गोल-गोल दिसू लागतात आणि मग सुटतात.

गिलाव्याच्या आधी बोर्डाचा नकाशा

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथे झाला. एरवी गवंडी काम संपवून जातो, रंगारी रंगवून जातो आणि मग बोर्डवाला येऊन ताज्या गिलाव्यात ड्रिल मारतो. हॅमर ड्रिलच्या हादऱ्याने नवा गिलावा आतून सुटतो आणि भोकाभोवतीचा रंग फुटतो. म्हणून पतसंस्थेच्या बोर्डवाल्याकडून आधी नकाशा मागवला: बोर्ड २४ फूट बाय ३ फूट, दहा ठिकाणी आधार, पाच बीममध्ये आणि पाच विटेत. लांब प्लायवूड पट्टीवर भोकांचा साचा केला, त्याच साच्याने भिंतीत ड्रिल मारलं आणि त्याच साच्यावर बोर्डाची फ्रेमही जोडली. मापावरून वाद झालाच नाही.

आधार किती लागतील ते बोर्डाच्या वजनावरून ठरवू नये, वाऱ्यावरून ठरवावं. एसीपी, पाइपची फ्रेम आणि अक्षरं मिळून वजन नव्वद-पंचाण्णव किलो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद दिला आहे, तोच इथे धरला. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दाब मिळतो, चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन. ७२ चौरस फूट म्हणजे ६.७ चौरस मीटर. म्हणजे ढोबळ मानाने सव्वासहाशे किलोची ओढ, आधारामागे साधारण ६२ किलो. कोपऱ्यांवर ती वाढते, म्हणून प्रत्येक आधार किमान दीडशे किलो पेलेल असा धरला.

बीममध्ये साधे फुलणारे अँकर चालले असते, पण रिंगेचा अनुभव पाहून सगळीकडे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवायचे रॉड) घेतले: १० मिमी जाडीचे ३०४ प्रतीचे स्टेनलेस रॉड, १२ मिमी भोक, विटेत ९० मिमी खोल. बीममधल्या रिंगा आधी सळई शोधणाऱ्या यंत्राने पाहून साचा दीड इंच उजवीकडे सरकवला. विटेत भोक मारताना ड्रिलचा ठोका बंद ठेवून नुसतं फिरवायचं, ठोक्याने विटेची मागची बाजू फुटते. भोक स्वच्छ नसेल तर केमिकल धुळीला चिकटतं, विटेला नाही, आणि रॉड अख्खा बाहेर येतो. दोन वेळा फुंकणं, दोन वेळा ब्रश, पुन्हा दोन वेळा फुंकणं. नळीवर दिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत रॉडला हात नाही. विटेतल्या दोन रॉडांची ओढ पुरवठादाराच्या गेजने दीडशे किलोपर्यंत तपासली, दोन्ही टिकले.

रॉड बाहेर आलेले असतानाच गिलावा केला. प्रत्येक रॉडवर पीव्हीसी पाइपचा तुकडा चढवला होता, म्हणजे गिलावा आणि रॉड यांच्यात १० मिमी मोकळी जागा राहिली. ती नंतर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरली.

पोकळ गिलावा आणि सांध्यावरचा एक फुटी पट्टा मिळून ५२ चौरस फूट गिलावा काढला. कडा ग्राइंडरने सरळ चौकटीत कापून घेतल्या. वेड्यावाकड्या, पातळ होत जाणाऱ्या कडेवर नवा गिलावा कधीच धरत नाही. विटांचे सांधे १० मिमी कोरले, बीमला छिन्नीने टाचे मारले. सांध्यावर अर्धा इंची चौकटीची चिकन मेश, दोन्हीकडे सहा-सहा इंच, खिळ्यांनी ताणून. जाळी भिंतीला चिकटून राहिली तर तिचा उपयोग नाही, मसाला तिच्या मागे शिरायला हवा, म्हणून खिळ्यांखाली वॉशर. मग १:२ चा सिमेंटचा शिंतोडा आणि दुसऱ्या दिवशी १:४ चा पहिला थर १२ मिमी, त्यानंतर दुसरा ८ मिमी. एवढ्या कामाला सिमेंट एक गोणी, वाळू साडेचार घनफूट आणि गोणीला २०० मिली वॉटरप्रूफिंग द्रव. वाळू क्रश सॅण्ड होती, दोनदा चाळलेली. तिच्यात भुकटी जास्त असली की गिलाव्यावर जाळीदार भेगा येतात. काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळून ठेवली की वर बसणारा थर पाहून भुकटीचा अंदाज येतो.

शेवटचा थर २२ फेब्रुवारीला झाला. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतरचं ऊन कडक, म्हणून हिरवी जाळी बांधून त्यामागे गोणपाट ओलं ठेवलं, सात दिवस, दिवसातून तीन वेळा पाणी. स्पंजचा हात जुन्या गिलाव्याच्या पोताशी जुळतो का, ते दुपारी एकच्या सुमारास पाहिलं. सूर्य नुकताच माथ्यावरून पश्चिमेला कललेला असतो तेव्हा ऊन या भिंतीला घासून खाली येतं आणि अर्धा मिलिमीटरचा उंचवटाही सावली टाकतो. सकाळी पाहिलेली भिंत नेहमीच सपाट वाटते.

रंग

बोर्डाच्या जागी मूळ रंग जसाच्या तसा आणि आजूबाजूला फिकट झालेला. डब्यावरचा शेड नंबर तोच असला तरी ऊन खाल्लेल्या रंगाशी नवा रंग जुळत नाही. ठिगळ न लावता जिथे डोळा आपोआप थांबतो अशा कडेपर्यंत रंग न्यायचा: फरशीची खालची कड, बीमची खालची कड आणि दोन्ही खांब. पट्टा १७६ चौरस फुटांचा झाला. तो मूळ रंगापेक्षा दोन छटा गडद घेतला. मग फरक चुकून राहिल्यासारखा दिसत नाही. बाहेरचा प्रायमर २ लिटर आणि एक्सटीरियर इमल्शन ४ लिटर पुरलं, दोन हात.

रंग लावला २३ मार्चला, गिलाव्याला २८ दिवस उलटल्यावर. पतसंस्थेला त्याआधीच हवा होता. कोवळ्या गिलाव्यातला अल्क रंगाचा बांध तोडतो, ढग-ढग दिसतात आणि पांढरे क्षार फुटून वर येतात. जुन्या बोर्डाच्या वरच्या कडेला सिलिकॉनची पट्टी होती, ती खरवडून त्याखालचा रंगही घासून काढला. सिलिकॉनवर कोणताच रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल मोकळी जागा राहते. रंगवायच्या सांध्यात पीयू किंवा अ‍ॅक्रिलिक सीलंटच वापरावा.

खांबांवरच्या टाइल्सना आठ भोकं होती. त्या बॅचच्या टाइल्स मिळेनात, म्हणून रंग जुळवलेल्या इपॉक्सीने भरली. दोन फुटांवरून दिसतात, रस्त्यावरून नाही.

फरशी, तार आणि पावसाळा

कडाप्पाच्या पोटात खाच मारायचा विचार सोडून दिला. एक इंच बाहेर आलेली जुनी फरशी खाचेपाशी तुटते. त्याऐवजी फरशीच्या खाली पुढच्या कडेलगत अ‍ॅल्युमिनियमची अर्धा इंची अँगल पट्टी पीयू सीलंटने चिकटवली, ओठ खाली. आता पाणी पट्टीवरून सुटतं. तारेसाठी २० मिमी पाइप भिंतीतून बाहेरच्या बाजूला १० मिमी उतरता बसवला, तार बाहेर आल्यावर आधी खाली झोळ देऊन मग वर बोर्डात नेली. बोर्डाला स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी (जादा भार आला किंवा वीज गळली की पुरवठा तोडणारे स्विच). बोर्ड भिंतीपासून दीड इंच पुढे उभा आहे, खालून उघडा, वरून आणि बाजूंनी बारीक जाळी. हवा खेळते आणि कबुतर शिरत नाही. २८ मार्चला बोर्ड चढला.

जुलैच्या झडीत पीओपी कोरडं होतं. बीमच्या दुरुस्तीच्या खालच्या कडेला हातभर पांढरे क्षार फुटले. ते पाण्याने धुवायचे नसतात, पाण्यात विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशने झाडले, दिवाळीनंतर तेवढ्याच भागावर प्रायमर आणि रंग करायचं ठरलं. मालकांकडे दहा आधारांची मापं लिहिलेला कागद आणि प्लायवूडचा साचा ठेवला आहे. दर मे महिन्यात रॉडांभोवतीचा सीलंट आणि फरशीखालची पट्टी शिडी लावून पाहायची, सीलंट कडेने सुटलेला दिसला तर जुना पूर्ण काढून मगच नवा भरायचा.